हृदयाच्या समाचाराला येणाऱ्यांचे वर्गीकरण

दुखावलेल्या जागी मदत पोचली नाही, असे शरीरात सहसा होत नाही. प्रश्न असतो तो मदत कोणत्या क्रमाने येते आणि केव्हा निघते, एवढाच.

झटका आला की हृदयाचा एक तुकडा मरतो. बातमी पसरताच प्रतिकारपेशी तिकडे धाव घेतात. पूर्वी त्या दोन-तीन प्रकारच्याच समजत. आता एकेक वेगळी काढून तपासल्यावर डझनावारी प्रकार निघाले आहेत. (माझ्या वडिलांना झटका आल्यावर सहा दिवसांत सदतीस माणसे समाचाराला आली. मीही त्यांना आधी एकाच प्रकारची समजत होते.)

काही तासांतच येतात त्या धडाडीच्या पांढऱ्या पेशी. मेलेला भाग फोडता फोडता त्या उत्साहाच्या भरात शेजारचा जिवंत भागही फोडतात. दोन-तीन दिवसांत स्वतःच गतप्राण होतात आणि मग त्यांनाही कोणीतरी उचलावे लागते. आमच्याकडे हा कार्यभार धाकट्या काकांनी सांभाळला. अतिदक्षता विभागाच्या दारात त्यांनी पहारेकरी, डॉक्टर आणि मी यांना याच क्रमाने धारेवर धरले.

"पित्त पित्त म्हणून सहा तास दादाला घरात बसवून ठेवलंत?"

(पित्ताचे निदान काकांचेच, फोनवरून.) तिसऱ्या दिवशी त्यांचा स्वतःचा रक्तदाब चढला आणि त्यांना गोळी देऊन आमच्याच पलंगावर निजवावे लागले.

मग येतात भक्षकपेशी. यांतल्या पहिल्या पडझड वेचून खातात. समोरच्या शिवणकामवाल्या वहिनी त्यांतल्या. "आधी मला सांग, घाम आला होता का? आमच्या ह्यांच्या साडूंना आला नव्हता. गेले." दुसऱ्या भराव घालतात, म्हणजे व्रण जमवतात. या उशिरा येतात.

'आता पुरे, घरी जा' असे बाकीच्यांना सांगणाऱ्या पेशीही असतात. हृदयात त्या थोड्या. आमच्याकडे शून्य.

शिवाय जन्माआधीपासून हृदयातच राहणाऱ्या काही असतात. ठोके नीट पडावेत म्हणून त्या मुकाट्याने हातभार लावतात. झटक्यात त्यांतल्या बऱ्याच जातात आणि त्यांच्या जागी बाहेरचे येऊन बसतात. (आई तो आठवडा स्वयंपाकघरात स्टुलावर बसून होती. बाहेर खुर्च्या पुरत नव्हत्या.)

ही व्यवस्था निर्दोष आहे. अडचण इतकीच, की पडझड उचलून झालेली आणि भराव अजून न घातलेला, अशा मधल्या दिवसांत हृदयाची भिंत सर्वांत पातळ असते. रुग्ण उशिरा आणला असेल तर अधिकच. म्हणून चौथ्या दिवशी घरी सोडताना डॉक्टरांनी कागदावर दोनदा अधोरेखित करून लिहिले: जिने चढू-उतरू नयेत. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो; बाबांना खुर्चीत बसवून वर आणले.

बाबांनी चाळीस वर्षे लोकांच्या दारात उभे राहून पाण्याचे मीटर वाचले. आपल्या दारी आलेल्याला फाटकापर्यंत पोचवले नाही, तर त्याला हाकलल्यासारखे होते, असे त्यांचे मत होते. दोन दिवस मी त्यांना उंबरठ्यावर अडवले. सहाव्या दिवशी त्यांचे जुने साहेब आले. निघताना "उठू नका, अजिबात उठू नका" असे म्हणत ते दारात उभे राहिले. ('उठू नका' म्हणणारा माणूस दारात सरासरी चार मिनिटे थांबतो. ही मोजणी माझी.)

"बाबा, कागदावर काय लिहिलंय?"

"कागद तुझ्याकडे आहे ना? मग सांभाळ." बाबा उठले. "साहेब तीन जिने चढून आलेत, अगं."

पाहुण्यांसमोर वाद नको, म्हणून मी कागद घडी घालून ठेवला. बाबांच्या चपला मीच सरळ करून पुढे ठेवल्या.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बाबा पायरीवर बसले. "तुम्ही व्हा पुढे," ते साहेबांना म्हणाले. साहेब पुढे झाले. बाबा त्या पायरीवरून उठले नाहीत.

नंतर मी सदतीसही जणांशी बोलले. प्रत्येकाने आपण धीर द्यायला गेलो होतो असे सांगितले, म्हणजे भराव घालणाऱ्यांत नाव घातले. हे वाचताना आपणही मनात एक प्रकार निवडला असेल, आणि तो हाच असेल. अडतिसावी नोंद मी माझी केली आहे. पुढची जागा रिकामी ठेवली आहे. आपले नाव आपणच लिहावे.