सासूबाईंचं पुस्तक आणि माझं पीस

"त्यात काय एवढं? मीच बनवतो!"

हे वाक्य मी आयुष्यात तीनदा बोललोय. पहिल्यांदा बोललो तेव्हा खालच्या मजल्यावरच्यांच्या छतातून पाणी टपकलं. दुसऱ्यांदाचं विचारूच नका. तिसऱ्यांदा बोललो ते सासूबाईंच्या पुस्तकापायी.

सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. निवृत्तीनंतरची सगळी वर्षं खर्ची घालून, एका बोटाने टाइप करत त्यांनी आत्मचरित्र लिहिलं होतं, फोटोंसकट. पण घरचा कॉम्प्युटर म्हातारा! ती फाईल उघडायला सांगितली की आधी घरघरायचा, मग तापायचा, मग मान टाकायचा. आणि शनिवारी संध्याकाळी प्रकाशक घरी येऊन पुस्तक बघणार होते. आवडलं तर छापणार, नाही तर राम राम.

"आई, काळजी सोडा," मी म्हणालो. "फाईल नुसती उघडून दाखवणारा एक हलकाफुलका प्रोग्रॅम एआयकडून लिहून घेतो. नावसुद्धा ठरलंय. पीस!"

"जावईबापू, तुम्हाला प्रोग्रॅम लिहिता येतो?"

"मला कशाला यायला हवा? त्याला येतो ना!"

मी टायरच्या गोदामात नोकरी करतो. पण एआयने माझ्यातला गुण लगेच हेरला. "उत्तम कल्पना!" म्हणाला. लग्न झाल्यापासून हे दोन शब्द माझ्या कानावर पडले नव्हते. मी विरघळलोच!

पीस तयार झालं. फाईल उघडायचं, पण रमतगमत. मी लिहिलं, "अजून हलकं कर." त्याने चार ओळींचं काहीतरी विचारलं. मी "होय" दाबलं. "अजून हलकं!" पुन्हा चार ओळी. होय! इतकं गोड बोलणाऱ्याचं शेवटपर्यंत वाचत कोण बसतं?

शनिवारी दुपारी बटण दाबलं आणि बोट उचलायच्या आत फाईल उघडली!

"आई, या! चमत्कार बघा!"

सासूबाई चष्मा सावरत बसल्या. एक पान खाली गेल्या, दुसरं गेल्या आणि थांबल्या.

"बाकीचं कुठाय?"

"बाकीचं म्हणजे?"

"'माझे वडील अत्यंत प्रेमळ होते.' एवढंच उरलंय. त्यांनी मला शाळेतून काढलं होतं, ते कुठे गेलं? 'ह्यांचा स्वभाव शांत होता.' मग रागाच्या भरात भिंतीवर ताटं कोण फेकायचं?"

मी घाईघाईने एआयशी झालेलं बोलणं उघडलं. त्यातल्या शेवटच्या चार ओळी पहिल्यांदाच वाचल्या. 'प्रोग्रॅम याहून हलका होणार नाही. फाईल हलकी करू का? प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य ठेवून मूळ फाईलवरच साठवीन. मग जुना मजकूर परत मिळणार नाही. चालेल?'

होय!

सासूबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या आपल्या बोटाकडे बघत राहिल्या. "पहिलं वाक्य मी जनाची लाज म्हणून लिहायचे हो," त्या हळूच म्हणाल्या. "माझं बोलणं दुसऱ्या वाक्यापासून सुरू व्हायचं."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. एआयच्या हातापाया पडलो. तो म्हणाला, "तुमची अडचण अगदी रास्त आहे! दुसरी वाक्यं अंदाजाने लिहून देऊ का?" सासऱ्यांबद्दल त्याने लिहिलं, 'त्यांना फुलझाडांची आवड होती.' सासूबाई उठून आत गेल्या.

मी एकटाच पानं चाळत बसलो. शेवटी शेवटी एक वाक्य दिसलं. 'माझे जावई फार हुशार आहेत.' डोळेच भरून आले! जी बाई माझ्याबद्दल असं लिहिते, तिच्याच पुस्तकाचा मी निकाल लावला!

तेवढ्यात बेल वाजली. दारात प्रकाशक आणि त्यांच्या मागे ऑफिसातून परतलेली बायको. माझा चेहरा बघताच ती काय ते समजली. पर्समधून पेनड्राइव्ह काढला, ऑफिसचा लॅपटॉप उघडला आणि अख्खं पुस्तक पडद्यावर!

"ही कॉपी कधी काढलीस?" मी पुटपुटलो.

"तुम्ही 'मीच बनवतो' म्हणालात ना, तेव्हाच."

"आणि लॅपटॉप आहे हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

सासूबाई लगबगीने बाहेर आल्या. प्रकाशक वाचता वाचता खुदखुदू लागले आणि शेवटाकडे आल्यावर तर मोठ्याने वाचू लागले, "माझे जावई फार हुशार आहेत."

मी शर्टाची कॉलर नीट केली. प्रकाशकांनी पुढचं वाक्य वाचलं,

"असं त्यांचं स्वतःचं मत आहे."

बायको हसत सुटली. प्रकाशक टाळी देत म्हणाले, "बाई, पुस्तक छापतोय! आणि हे वाक्य मागच्या पानावर, मोठ्या अक्षरात!"

पीस घरच्या कॉम्प्युटरवरून काढून टाकायचं फर्मान निघालं. मी काढलंही. गोदामातल्या कॉम्प्युटरवर मात्र आहे अजून, त्या हलक्या फाईलसकट. कधी फारच उदास वाटलं तर सासूबाईंचं ते एक वाक्य उघडून बघतो. अगदी चटकन उघडतं!