विहिरीवरचं ऐनाचं झाड : दोष आणि निवारण

वस्तू पडते ती निसर्गाच्या नियमानं आणि उचलली जाते ती सरकारच्या नियमानं. पहिल्या नियमाला कागद लागत नाही, म्हणून तो रानटी समजला जातो. दुसऱ्याला लागतो, आणि तो नीट लागावा यासाठी चांदा मुक्कामी आमची 'अर्ज संकलन व जोडणी कचेरी' काम करते. (करते म्हणजे उघडते.)

कचेरीची रचना सोपी आहे. जंगलपट्टीतला माणूस आपल्या बोलीत काहीतरी सांगतो. संकलन शाखा ते कचेरीच्या भाषेत आणते आणि आणता आणता त्यातले दोष काढते. दोष संपले की कागद जोडणी शाखेत येतो. तिथे झाडांचं खातं, विहिरींचं खातं, जमिनीचं खातं अशा निरनिराळ्या खात्यांचे कागद लाल फितीनं एकमेकांना जोडले जातात. सगळं सगळ्याशी जुळलं, की प्रकरण 'चालू' होतं. आजपर्यंत अशी तीन प्रकरणं चालू झाली. त्यातलं एक चुकून झालं, आणि संबंधित कारकुनाची सिरोंच्याला बदली झाली.

संकलन शाखेचे प्रमुख गुणवंतराव. दोष काढण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात नाही. एकदा पैज लागली तेव्हा त्यांनी कोऱ्या कागदात दोष काढून दाखवला होता. ('मजकूर अपुरा.') जोडणी शाखा मी सांभाळतो. लोक तेच तेच दोष घेऊन हेलपाटे घालतात, तेव्हा सर्वांच्या सोयीसाठी दोष आणि त्यांचं निवारण एका ठिकाणी लिहून काढा, असा साहेबांचा हुकूम झाला. नुसते दोष वाचून कळत नाहीत, म्हणून उदाहरणादाखल हिरडीटोल्याचं प्रकरण घेतलं आहे. इतकं संपन्न प्रकरण दुसरं मिळालं नाही.

हिरडीटोला हे गोंडपिपरीच्या पलीकडे, जंगलाला टेकलेलं गाव. छपन्न सालच्या फाल्गुनात वावटळ आली आणि ऐनाचं एक जुनं झाड मुळासकट उपटून गावच्या एकुलत्या एका विहिरीवर आडवं झालं. विहिरीचं तोंड बुजलं. बाया पाण्यासाठी नाल्यावर जाऊ लागल्या. नाला आटला तेव्हा वाळूत झिरा खणून भोपळ्याच्या तुंब्यानं पाणी भरू लागल्या. त्या झिऱ्यावर एक अस्वलही येई. (अस्वलानं अर्ज केल्याची नोंद नाही.)

आता, तिथल्या आदिवासी लोकांत ऐनाच्या झाडात देव मानतात, पेन म्हणतात त्याला. तेव्हा त्याला न विचारता कुणी कुऱ्हाड लावत नाही. गावचा म्होरक्या कोलू यानं पुजाऱ्याकरवी देवाला विचारलं. संध्याकाळी विचारलं, जेवणवेळेला होकार आला. (या कार्यपद्धतीत गंभीर उणिवा आहेत. इतक्या लवकर उत्तर देणाऱ्याचा अभ्यास कितपत झाला असेल, अशी शंका गुणवंतरावांनी व्यक्त केली आहे.) इथे थांबला असता तर हे उदाहरण आम्हाला मिळालं नसतं. पण कोलू सरळ माणूस. तो म्हणाला, "देवाले इचारलं. पन जंगल तं सरकारचं हाये. त्याले बी इचारा लागन."

आणि त्या गावाची रीत अशी, की एकदा विचारलं की उत्तर येईपर्यंत हात लावायचा नाही. देव असो की सरकार. विचारून मग न थांबणं हा अपमान. कोलूची बायको बुधरी त्याला म्हणाली, "देवाले इचारलं थे बरं केलं. सरकारले इचाराले कोन सांगतलं होतं तुमाले?" पण तोवर अर्ज गेला होता.

दोष क्रमांक एक : तिकीट नसणे. कोलूच्या अर्जाच्या पहिल्या पानावर तिकीट लावायचं राहिलं होतं. त्या एका तिकिटापायी अर्जात त्रेचाळीस दोष निघाले, कारण तिकीट नाही म्हणजे अर्ज नाही, अर्ज नाही म्हणजे अर्जदार नाही, आणि जो नाही त्याच्या गावावर झाड पडेल कसं? निवारण : तिकीट लावावे. कोलूनं लावलं. त्रेचाळीस दोष एका क्षणात नाहीसे झाले आणि आत्तापर्यंत त्यांच्या मागे दडलेले एकसष्ट नवे दिसू लागले. याला आमच्या शाखेत प्रगती म्हणतात.

दोष क्रमांक सात : संदर्भ न सापडणे. अर्जात 'जंगूनं खोदलेली विहीर' असं लिहिलं होतं. हा जंगू कोण? कागदात इतरत्र तो कुठेही नाही. त्याची संमती जोडावी, असा शेरा गुणवंतरावांनी मारला. जंगू हा गावचा आधीचा म्होरक्या, वारून बरीच वर्षं झालेली. पण सरकारनं मागितलंय म्हटल्यावर कोलूनं पुजाऱ्याला बसवलं आणि जंगूला रीतसर विचारलं. नंतर कचेरीत येऊन मोठ्या समाधानानं सांगितलं, "जंगूबाबा हो म्हनते. कोंबडा द्या म्हनते फक्त."

गुणवंतराव हसले नाहीत. ते कधीच हसत नाहीत. मयताच्या संमतीला कचेरीची तत्त्वतः हरकत नाही (आमच्या निम्म्या साक्षी तशाच आहेत), मात्र ती तोंडी असल्यानं अंगठा हवा, असं त्यांनी कळवलं. कोलू विचारात पडून परत गेला. शेवटी ते वाक्यच अर्जातून काढलं तेव्हा दोष मिटला. म्हणजे विहीर कुणीच खोदलेली नाही असं ठरलं.

दोष क्रमांक बारा : वर्तुळ. विहिरींचं खातं म्हणालं, विहीर पाहिल्याशिवाय ती आहे असा दाखला देता येत नाही, आणि झाड असल्यामुळे विहीर दिसत नाही. झाडांचं खातं म्हणालं, खाली विहीर असल्याचा दाखला आल्याशिवाय झाड उचलू देता येत नाही. दोन्ही म्हणणी बिनतोड आहेत. निवारण : दोन्ही खात्यांना एकाच दिवशी एकमेकांची वाट पाहण्यास सांगावे. मी सांगितलं. ती अजून पाहत आहेत; कागदावर मात्र दोष मिटला.

दोष क्रमांक सोळा : एकाच वस्तूची दोनदा नोंद. झाडाचा बुंधा एका वनरक्षकाच्या हद्दीत आणि शेंडा दुसऱ्याच्या. दोघांनीही कर्तव्यदक्षतेनं एकेक पडलेलं झाड कळवलं. म्हणजे कागदोपत्री विहिरीवर दोन झाडं पडली. कोणतं उचलायचं ते स्पष्ट करावं, असं कोलूला विचारण्यात आलं. तो म्हणाला, "जे हाये थे." संकलनाच्या दृष्टीनं हे उत्तर फारच मोघम आहे. शेवटी दोघा वनरक्षकांकडून अर्धं-अर्धं झाड लिहून घेतलं, तेव्हा ते एक झालं.

दोष क्रमांक सतरा मात्र या पुस्तिकेचा मुकुटमणी. हे सगळं चाललं असताना नोव्हेंबर उजाडला आणि चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला. झाड मध्यप्रदेशात पडलं होतं. आता ते मुंबई राज्यात सापडलं. एक वीतही न हलता एवढं मोठं इमारती लाकूड एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आलं, आणि त्याचा वाहतूक पास कुणी काढलेला नाही! गुणवंतरावांना त्या रात्री झोप लागली नाही, असं त्यांनी स्वतः सांगितलं. नमुनेही बदलले होते. जुन्या राज्याचा अर्ज नव्या राज्याच्या फितीत बसेना. निवारण : अर्ज पहिल्यापासून पुन्हा लिहावा. (हा उपाय कोणत्याही दोषावर चालतो. का चालतो ते माहीत नाही, आणि विचारू नये.)

असा दुसरा उन्हाळा आला. वैशाखात कोलू वाहतूक पासासाठी चांद्याला आला होता. त्याच दिवशी झिऱ्यावर बुधरीची आणि अस्वलाची गाठ पडली. ती घागर टाकून पळाली म्हणून वाचली. घरी आली, दम घेतला, आणि टोल्यातल्या बाया गोळा केल्या. कुऱ्हाड लावली नाही. तेवढा नवऱ्याच्या शब्दाचा मान ठेवला. माहुलीच्या वेलीच्या सालीचे दोर बांधले, बैलांच्या चार जोड्या जुंपल्या आणि झाड बाजूला ओढून टाकलं. दुपारपर्यंत विहिरीत बादली गेली.

कोलू परत आला तेव्हा त्याला विहिरीचं पाणी प्यायला मिळालं. तो पाणी प्याला आणि मग डोक्याला हात लावून बसला. "आपुन इचारलं हाये ना? उत्तर नाई आलं अजून."

बुधरी म्हणाली, "तुमी इचारलं. मी कोनालेच इचारलं नाई. मंग मी काऊन थांबू?"

या वाक्यातला दोष शोधण्याचं काम गुणवंतरावांकडे आहे. त्यांना तो सापडेल अशी आमची खात्री आहे.

पण कोलूला चैन पडेना. त्यानं कचेरीत येऊन प्रामाणिकपणे सांगितलं, "साहेब, झाड सरकलं." इथे दोष क्रमांक तेवीस उत्पन्न झाला : जे उचलायचे ते जागेवर नसणे. गुणवंतराव त्याच्याशी फार मायेनं बोलले. म्हणाले, "कोलूभाऊ, तुझ्या प्रकरणात आता हा एकच दोष उरला आहे. झाड होतं तिथे ठेव. आम्ही येतो, पाहतो आणि जागेवर परवानगी देतो. त्याच दिवशी उचल." ते खोटं बोलत नव्हते. तेव्हा खरोखरच एकच उरला होता.

कोलूनं सरकारनं दिलेला शब्द गावाला सांगितला, आपलाही शब्द दिला, आणि चार जोड्यांनी झाड पुन्हा विहिरीवर ओढण्यात आलं. बुधरी घरातून बाहेर आली नाही.

आम्ही रेंगीत, म्हणजे छोट्या बैलगाडीत, बसून भर दुपारी पोचलो. गुणवंतरावांनी अर्ज काढला, मी फीत सोडली, आणि एकेक कागद जुळवत गेलो. तिकीट आहे. संदर्भ काढलेला आहे. झाड एक आहे. वाहतूक पास आहे. राज्य तेच आहे. माझ्या नोकरीत सगळं सगळ्याशी जुळताना मी प्रथमच पाहत होतो, आणि खरं सांगतो, खात्रीसाठी एकेक कागद पुन्हा मोजला. गावकरी दोर घेऊन उभे होते. गुणवंतरावांनी टाक हातात घेतला, झाडाकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि टाक खाली ठेवला.

कागदात शेंडा पश्चिमेला होता. ओढताना बैल फिरले असतील, झाड उलटं बसलं होतं. शेंडा पूर्वेला.

म्हणजे हे ते झाड नव्हे. ज्या झाडासाठी अर्ज आला ते झाड आता अस्तित्वात नाही, आणि जे अस्तित्वात आहे त्यासाठी अर्ज नाही. पुन्हा कुणी हलवू नये म्हणून गुणवंतरावांनी बुंध्यावर सरकारी हातोड्याचा शिक्का मारला. आता हात लावला तर कोलू आत.

ऊन मी म्हणत होतं. गुणवंतरावांना तहान लागली. कुणी काही सांगण्याआधी बुधरीच तांब्या घेऊन आली. झिऱ्यावरचं पाणी, तिनं सकाळी आणलेलं. गुणवंतराव दोन तांबे प्याले, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "वा! पाणी गोड आहे." मग कागद पुढे ओढून त्यांनी शेवटचा शेरा लिहिला : 'गावास पर्यायी पाणी उपलब्ध असून ते गोड आहे. सबब प्रकरण निकडीचे नाही.'

मी शेरा वाचून दाखवला. बुधरी ऐकत होती. म्हणाली, "मंग उद्यापासून तुमीच भरा, भाऊ." ही सूचना समजावी की हरकत, याचा निर्णय अद्याप व्हायचा आहे.

मला त्या वेळी फार वाईट वाटलं. मी पुस्तिका पुन्हा चाळून पाहिली. वाईट वाटणं या दोषाला क्रमांक नाही.

या मजकुराचा कच्चा मसुदा चांद्यातल्या काही शिकल्यासवरल्या मंडळींना वाचायला दिला होता. सगळे पोट धरून हसले. एका वकिलांनी वाहतूक पासाचा भाग दोनदा मोठ्यानं वाचून दाखवला. एक हेडमास्तर 'चांगले चिमटे काढलेत हो' म्हणाले. चहा झाला, पान झालं, मंडळी आपापल्या घरी गेली. झाड विहिरीवरच आहे आणि बुधरी झिऱ्यावर जाते. हे छापलं तर लोक चिडतील, दोर घेऊन हिरडीटोल्याला निघतील, अशी साहेबांना आधी धास्ती होती. ती आता राहिलेली नाही. पोटभर हसलेला माणूस झाड उचलायला येत नाही, असा कचेरीचा अनुभव आहे; आणि आपणही इथवर हसतच आला आहात हे ध्यानी घेऊन, प्रस्तुत पुस्तिकेच्या प्रसिद्धीस कचेरीनं हरकत घेतलेली नाही.