मध्यंतराच्या आधी उठणारा दाजी

“आणि बा देवा म्हाराजा, मुंबैच्या इस्पितळात आठ म्हयने बेसूद पडलेलो आमचो जगप्रकाश, त्येका येत्या आयतवारच्या आत शुद्धीर हाड रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आम्ही पन्नास जण ओरडलो.

आधी ओरडायचं आणि मग विचार करायचा, ही आमच्या वाडीची जुनी रीत. एकजण देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालतो आणि आम्ही मागे हात जोडून प्रत्येक मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. भाताचं मागणं झालं, आंब्याचं झालं, समुद्रावर गेलेल्यांचं झालं. त्या ओघात कोणी ‘सगळ्यांचे दात पाड’ म्हणाला असता, तरी आमचे दात देवळाच्या पायरीवर पडल्यावरच आम्हाला शंका आली असती.

“हो जगप्रकाश कोणाचो झील?” पार्वतीकाकीने डोळ्याला पदर लावत विचारलं. “तरणो आसा काय रे?”

कोणालाच सांगता येईना. ओरडण्याच्या नादात माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. तेवढ्यात माझी बायको सुमन माझ्या कोपराला चिमटा काढून म्हणाली, “अहो, तो आपल्या टीव्हीतलो आजोबा.”

मी गाऱ्हाणं घालणाऱ्या दाजीकडे पाहिलं. दाजी प्रसादाची केळी वाटत होता. चेहऱ्यावर एवढी शांती होती, की देवानेसुद्धा त्याच्याकडून थोडी उसनी घ्यावी.

हा दाजी माझा सख्खा शेजारी. आमच्या कुंपणात एक भगदाड आहे. ते त्याच्या येण्याजाण्याने पडलं आहे. वाडीत गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याकडे, आणि माडावर चढून नारळ काढणं हा त्याचा धंदा. वयाने माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, पण मी त्याला अरेतुरेच करतो. माडाच्या शेंड्यावर असलेल्या माणसाला ‘अहो’ म्हटलेलं ऐकूच जात नाही.

आता जगप्रकाश. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. कोणीच ऐकलेलं नाही. हा हिंदी सिनेमातला नट. याला नट म्हणावं की मयत, असा प्रश्न पडतो, कारण दर सिनेमात हा मध्यंतराच्या आधी मरतो. इमानदार ड्रायव्हर असतो, म्हातारा चौकीदार असतो, नायिकेचा गरीब मामा असतो. पडद्यावर येतो, एकदा खोकतो, मालकाला सावध करतो आणि मरतो. त्याला ट्रकने उडवलेलं आहे, नदीत ढकललेलं आहे, विहिरीत टाकलेलं आहे. एकदा तर झुंबर पडून मेला. झुंबर भलत्याच माणसासाठी सोडलेलं होतं.

तरुणपणी मालवणच्या थिएटरात दाजीने याला पहिल्यांदा मरताना पाहिलं आणि तेव्हापासून तो कामातून गेला. “हिरोचा काम कोणय करीत,” तो मला हजार वेळा म्हणाला असेल, त्यातलं नऊशे वेळा माडावरून. “मराक अक्कल लागता.”

पण खरा छळ पुढे आहे. जगप्रकाश मेला की दाजी उठतो. थिएटरात उठायचा, आता माझ्या पडवीतल्या टीव्हीसमोरून उठतो. टॉवेल झटकतो, “संपलो पिक्चर,” म्हणतो आणि भगदाडातून घरी जातो. या माणसाने आयुष्यात एकाही सिनेमाचा शेवट पाहिलेला नाही. खलनायकाला शिक्षा होते, ही बातमी त्याच्यापर्यंत अजून पोहोचलेली नाही. त्यामुळे जग फार वाईट आहे असं त्याचं ठाम मत आहे, आणि ते तो आमच्या पाहुण्यांना नाश्त्याच्या वेळी सांगतो.

“अरे, पुढे बघ तरी,” मी एकदा वैतागून म्हणालो. “हिरो सूड घेतो त्याचा.”

“खंयचो सूड? जगप्रकाश मेलो की पाचव्या मिनटाक हिरो बागेत गाणा म्हणता. मयताच्या घरात कोण थांबान गाणी आयकता रे? कोणाक तरी वायच वायट वाटाक नको?”

मी एकट्याने पुढचा सिनेमा पाहिला, आणि तोही चोरून पाहिल्यासारखा वाटला.

मग ती मालिका आली. मालिकेत जगप्रकाशला आजोबाचं काम मिळालं आणि दुसऱ्याच भागात तो जिन्यावरून पडून बेशुद्ध झाला. मेला नाही. दाजीला आभाळ ठेंगणं झालं. आठ महिने, रोज संध्याकाळी साडेसातला, तो माझ्या पडवीत पाटावर बसून एका झोपलेल्या माणसाकडे पाहत होता. आजोबा हलत नव्हते, बोलत नव्हते. नाकात नळी घालून पडलेले. आणि आम्हाला घरात आवाज करायची बंदी. सुमनने स्वयंपाकघरात फोडणी दिली तरी हा म्हणायचा, “सुमन गो, हळू. माणूस झोपलो आसा.” पुण्याचे पाहुणे आमच्याकडे आठ दिवस राहून गेले आणि जाताना मला हळूच म्हणाले, “घरातलं आजारी माणूस कसं आहे आता?”

गाऱ्हाण्याला देव पावला. शनिवारच्या भागात आजोबांनी डोळे उघडले, “मुलांनो,” म्हणाले आणि मेले. दाजी पाटावरून उठला. टॉवेल झटकायचं विसरला. चार दिवस माडावर चढला नाही, आणि चार दिवस माझ्या पाहुण्यांना शहाळं मिळालं नाही. तोंडवलीत समुद्राला लागून माझ्या दोन खोल्या आहेत, पर्यटकांना देतो. समुद्र, मासे आणि शहाळं एवढ्यावरच माझा सगळा डोलारा उभा. त्यातला एक खांब सुतक पाळत बसला होता.

आणि मग एका दुपारी माझ्या अंगणात गाडी थांबली आणि गाडीतून जगप्रकाश उतरला.

मी ओळखलं नाही. गेले आठ महिने मी त्याला फक्त नळीसकट पाहिलं होतं. खोलीचं बुकिंग त्याच्या बायकोच्या नावावर होतं. सडपातळ, पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा. मला कळलं ते वरून काहीतरी घसरत खाली आल्यामुळे. नारळ असेल म्हणून मी बाजूला झालो, तर दाजी. छाती सोललेली, तोंड उघडं. पाहुण्याकडे एकदा पाहिलं आणि समोर जाण्याऐवजी माडामागे लपला. माडाची रुंदी वीतभर, दाजीची दीड हात.

मग सुरू झाल्या मागच्या दाराच्या चौकशा. काय जेवला? सोलकढी आवडली का? उशी एकच दिलीस काय रे, त्याला दोन लागतात, मालिकेत दोन होत्या. मी म्हटलं, बाबा, तूच विचार ना जाऊन. तर म्हणे, “माका कामा आसत.”

जेवताना मी सहज विचारलं, आपण काय करता? जगप्रकाश स्वच्छ मराठीत, एकेक शब्द मोजून म्हणाले, “सिनेमात होतो. आता घरीच.” बायकोने त्यांच्या ताटात भात वाढला. भात त्यांना नको होता.

संध्याकाळी ते किनाऱ्यावर फिरायला गेले. दाजी सुरूच्या झाडांआडून मागोमाग. परत आला तो सरळ आमच्या स्वयंपाकघरात, आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावून तसाच उभा राहिला.

“काय झालं?”

“टोपी काढल्यान. चष्मो काढल्यान. ह्या टोकाक्सून त्या टोकापर्यंत दोनदा चल्लो. कोणी बघूक नाय.” तांब्या खाली ठेवला. “मगे ती पोरा इली सेल्फीवाली. त्येका वाटला, वळाखल्यानी. हसलो पण. त्येनी त्येच्या हातात मोबाईल दिलो आणि म्हणाली, अंकल, आमचो फोटो काढा.”

“मग?”

“काढल्यान. बरो काढल्यान.”

सुमनने गॅस बंद केला. दाजी उभाच.

“परवा सकाळी जातलो मा?” तो म्हणाला. “असोच जावक देवचो नाय.”

त्या एकाच संध्याकाळी दाजीने अख्खी वाडी पालथी घातली. निवडणुकीलासुद्धा आमच्याकडे एवढा प्रचार होत नाही. घरोघरी जाऊन त्याने लोकांना एकेक मरण वाटून दिलं. कोणाला ट्रक, कोणाला नदी, कोणाला विहीर. “तू म्हणाचा, विहिरीतलो सीन बघून माका रडूक इला.” सुमनला झुंबर मिळालं. मला इमानदार ड्रायव्हर. मी म्हटलं, मी या घराचा मालक आहे, मला पाहुण्याला बिल द्यायचं आहे. म्हणाला, “दी. पण रडान दी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर रापण ओढणं चाललं होतं. लांबलचक जाळं समुद्रात, त्याची दोन टोकं किनाऱ्यावर आणि प्रत्येक टोकाला वीस-पंचवीस माणसं. जाळं अर्ध्यावर असताना दोरी सोडता येत नाही. त्यामुळे जगप्रकाश आणि त्यांची बायको जवळून जायला लागली, तशी आमच्या वाडीने एक हात दोरीला आणि एक हात कपाळाला लावून त्यांना ओळखलं.

“तुमी जगप्रकाश मा?” पहिला ओरडला. “तुमका ट्रकान उडवल्यान तेवा मी दोन दिस जेवलंय नाय.”

ते थबकले. मग नदी आली, मग विहीर आली. सुमनने झुंबर असं सांगितलं की मला घरातल्या दिव्याची काळजी वाटली. जाळं येत होतं, मरणं येत होती, आणि जगप्रकाश वाळूत उभे राहून प्रत्येकाला “धन्यवाद, धन्यवाद” म्हणत होते. टोपी कधी काढली त्यांचं त्यांनाही कळलं नसेल.

घोटाळा केला भिकूने. भिकू नेमून दिलेलं मरण विसरला. जगप्रकाश समोर आले, हा गडबडला आणि म्हणाला, “तुमका वाघान खाल्ल्यान, ता लय बरा केलास.”

रापणीची दोरी जागच्या जागी थांबली. मी डोळे मिटले.

“वाघ?” जगप्रकाश म्हणाले. बायकोकडे पाहिलं. थोडा वेळ आठवल्यासारखं केलं. “हां, वाघ. साउथचा असेल तो.”

दोरी पुन्हा चालू झाली.

शेवटी पार्वतीकाकी आली. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. तिच्या घरी टीव्हीच नाही. तिने गर्दीत नाव ऐकलं, माशांची टोपली खाली ठेवली आणि त्यांच्या दोन्ही गालांवरून ओले हात फिरवले. “बरो झालंस बाबा? आमी सगळ्यांनी तुझ्यासाठी देवाक सांगितलेला.”

त्यावर मात्र त्यांनी धन्यवाद म्हटलं नाही, वाकून तिची टोपली उचलून दिली. त्यांच्या बायकोने तोंड समुद्राकडे वळवलं.

मी दाजीला शोधत होतो. तो कुठेच नव्हता. एवढा खटाटोप केला, माझ्या बायकोला नटी केलं, आणि स्वतः गायब.

निघायच्या दिवशी जगप्रकाश अंगणात गाडीपाशी मला म्हणाले, “आमचे सिनेमे तुमच्याकडे फार पाहतात. मला कल्पना नव्हती.”

“फार,” मी म्हणालो. एवढी मोठी थाप मी आयुष्यात मारलेली नाही, आणि मी थापा पुष्कळ मारल्या आहेत.

वर बघतो तर दाजी. माझ्याच माडाच्या शेंड्यावर, आमच्याकडे पाठ करून. त्या माडावर एक नारळ शिल्लक नव्हता. आदल्या आठवड्यातच त्याने स्वतः काढले होते.

“दाजी, खाली ये,” मी हाक मारली. “साहेब निघाले.”

“आठ-धा नारळ ऱ्हवलेत,” वरून आवाज आला. एक वाळकं झावळ खाली पडलं.

जगप्रकाशांनी मान वर करून त्या पाठीला हात जोडले, कामात असलेल्या माणसाला जोडतात तसे, आणि गाडीत बसले. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी दाजी वरच. अर्ध्या तासाने उतरला. मी टपूनच बसलो होतो.

“काय माणूस आहेस की वेताळ?” मी सुटलो. “चाळीस वर्षं त्याच्यासाठी आमचा जीव खाल्लास. देवाला मध्ये घातलंस, वाडीला रडवलंस, आणि तो तुझ्या पायाखाली येऊन उभा राहिला तर तू सुकी झावळं पाडत बसलास? दोन शब्द बोलला असतास तर काय झालं असतं?”

दाजीने कमरेचा कोयता काढून पायरीवर ठेवला.

“मी खाली इलो असतंय तर त्येका कळला असता.”

“काय कळलं असतं?”

“खरो रडणारो एकच आसा म्हणान.”