दाजींनी दबाब तपासला

दबाब बघायला निघताना मिशारीची एकच इच्छा होती, की तो मोडका निघावा. चार जाड चाकांची ती वाळूत पळणारी फटफटी जमलं तर कायमची बिघडलेली असावी, म्हणजे उद्या मेव्हण्यांबरोबर नफूदच्या वाळवंटात जायचं टळेल.

चूक त्याचीच होती. लग्न ठरवायला गेला तेव्हा सासऱ्यांच्या बैठकीत तिन्ही मेव्हणे दबाबाशिवाय दुसरं बोलत नव्हते. मुलीकडच्यांसमोर गप्प बसणं बरं दिसेना, म्हणून हाही बोलून गेला, "माझं तर लहानपणच दबाबावर गेलं." खरं म्हणजे लहानपणी तो घसरगुंडीवरही बसला नव्हता. तो सौदीतल्या हाईलच्या शाळेत भूगोल शिकवायचा, टेकड्यांच्या उंची मुलांकडून पाठ करून घ्यायचा. त्यामुळे कुठून पडलं तर किती मीटर खाली जाऊ, हे त्याला इतरांपेक्षा नेमकं ठाऊक होतं. आता पाऊस पडून वाळू बसली होती, मेव्हण्यांनी बेत आखला होता आणि दाजींना विकत घ्यायला एक जुना दबाबही हेरून ठेवला होता. बायकोला, नूफला, खरं सांगून टाकायचं त्याने तीनदा ठरवलं. तिसऱ्या वेळी तोंड उघडलं तोच ती म्हणाली, "भावांना बजावलंय मी, माझ्या नवऱ्याच्या पुढे जाऊन दाखवा म्हणून." उघडलेलं तोंड त्याने मिटलं.

दबाब होता अबू शलाश नावाच्या म्हाताऱ्याचा, गावाबाहेरच्या शेतावर. धाकटा मेव्हणा अकाब मिशारीला तिथे घेऊन गेला. मिशारीने आठवडाभर व्हिडिओ बघून जुन्या गाडीत काय काय खराब असू शकतं त्याची यादी पाठ केली होती. सलाम-दुआ झाल्याबरोबर तो गुडघ्यांवर बसला आणि कामाला लागला.

टायरला भेगा आहेत, तो म्हणाला. म्हाताऱ्याने शेडमधून नवे टायर आणून चढवले. चेन सैल आहे, म्हणाला. म्हाताऱ्याने पाना घेऊन ती ताणली. हवेच्या फिल्टरमधून ओंजळभर वाळू निघाली तेव्हा मिशारीचा चेहरा उजळला, पण म्हाताऱ्याने फिल्टर धुऊन खजुरीच्या फांदीला वाळत घातलासुद्धा. ब्रेक उशिरा लागत होता, तोही तेल बदलून ठणठणीत झाला. खोट काढावी आणि ती डोळ्यांदेखत दुरुस्त व्हावी, असं तासभर चाललं. दबाब तरुण होत चालला आणि मिशारी म्हातारा.

शेवटी सांगाड्याच्या पोटाशी त्याला वेल्डिंगची जाड रेघ दिसली.

"काका, हे काय?" त्याने आशेने विचारलं.

"माझा मुलगा टेकडी चढला होता. पलीकडे उतार आहे की कडा, ते बघायचं राहून गेलं."

"मग?"

"कडा होता," म्हातारा शांतपणे म्हणाला. पोरगा आता रियाधला असतो, पायात सळई आहे, पण चालतो झकास, हेही त्याने सांगितलं. मिशारीला मटकन खाली बसावंसं वाटलं, पण तो आधीच बसलेला होता.

इकडे अकाबने थोरल्या भावांना फोन लावला. असा जाणकार माणूस आपण बघितलेला नाही, दाजींनी पोटाखालची रेघसुद्धा हुडकली, उद्या सर्वांत उंच टेकडीवर पहिले दाजीच चढतील, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं.

मग अबू शलाशच्या बैठकीत कॉफी आली. म्हाताऱ्याने पेला हातात दिला तेव्हा मिशारीचा हात इतका थरथरत होता, की कॉफी पांढऱ्या अंगरख्यावर सांडणार हे दिसत होतं. त्याने घाईघाईने भरला पेला समोरच्या गालिच्यावर ठेवला, आणि ठेवताक्षणी त्याला घाम फुटला. पाहुण्याने कॉफी न चाखता खाली ठेवली म्हणजे तो काही मागायला आलाय, आणि यजमान हो म्हणेपर्यंत घोट घेणार नाही, हे हाईलमधलं शेंबडं पोरही जाणतं.

अबू शलाशने हातातली किटली बाजूला ठेवली. "कॉफी प्या. मागाल ते दिलं."

"दाजी, काय मागायचंय तुम्हाला?" अकाब चक्रावून म्हणाला.

काही नको म्हणावं तर यजमानाचा अपमान. खरं सांगावं तर रात्रीपर्यंत सगळ्या सासुरवाडीत बोभाटा. मिशारीला दरदरून घाम सुटला होता, आणि त्या घामातच त्याला वाट सापडली.

"काका, हा दबाब विकू नका. आम्हालाही नको आणि दुसऱ्या कुणालाही नको."

म्हाताऱ्याने गालिच्यावरचा पेला उचलून पुन्हा त्याच्या हातात दिला. "पोराची आठवण आहे ती. विकायचं माझ्याही जिवावर आलं होतं," तो म्हणाला. "दिला शब्द. नाही विकत."

मिशारी तीन पेले कॉफी प्यायला. इतकी गोड कडू कॉफी त्याने जन्मात घेतली नव्हती. बाहेर पडताना तो चक्क शीळ घालत होता.

"विकला नाही म्हणजे दबाब माझाच," दारात अबू शलाश म्हणाला. "आणि माझी वस्तू माझ्या पाहुण्याच्या कामी नाही आली, तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील. उद्या तूच चालव. मी मागे बसेन."

अकाबने आनंदाने म्हाताऱ्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं. मिशारीची शीळ बंद पडली. आता स्वतःच्या हाडांबरोबर त्याला सत्तर वर्षांची दुसऱ्याची हाडंही सांभाळायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडीच्या पायथ्याशी तिघे मेव्हणे आपापले दबाब गुरगुरवत उभे होते. मिशारी आठवत होत्या तेवढ्या कुराणातल्या सगळ्या आयती पुटपुटत पुढे बसला, आणि म्हाताऱ्याने मागून त्याचे खांदे धरले.

"चला दाजी, तुम्ही पुढे," थोरला ओरडला.

"थांबा रे पोरांनो," अबू शलाश मोठ्याने म्हणाला. "मला भीती वाटते. मुलगा पडला तेव्हापासून बसलोय कुठे मी? आम्ही पायथ्यापायथ्याने येतो, सावकाश. घाई असेल त्याने पुढे व्हावं."

वडीलधाऱ्यापुढे कोण काय बोलणार? मेव्हण्यांनी दाजींकडे कीव आल्यासारखं बघितलं, एवढा पट्टीचा चालवणारा म्हाताऱ्यापायी अडकला म्हणून हळहळले, आणि धुरळा उडवत वर गेले.

खांद्यांवरचे हात अजिबात थरथरत नव्हते, हे मिशारीच्या तेव्हा लक्षात आलं.

"काका, तुम्हाला खरंच भीती वाटते?"

"मला कसली? माझा जन्म गेला या वाळूत. पण आपल्या दोघांत एकाला तरी वाटतेय ना? मग ती मी माझी म्हणून सांगितली, तर काय बिघडलं?"

मिशारीच्या डोळ्यांत पाणी आलं. मेव्हणे टेकडीपलीकडे दिसेनासे झाले, तेव्हा त्याने मान वळवून हळूच विचारलं, "काका, हा चालू कुठून करायचा?"