घुमटाखालचं अस्वल

अवघडातली अवघड गोष्ट लेकराला सोपी करून सांगावी ती मीच! बसमधून सभागृहाची ती घुमटवाली भलीमोठी इमारत दिसली. लेकीने विचारलं, "आई, तिथे कोण राहतं?" आणि पुढचा थांबा येईपर्यंत मी तिला अख्खी राज्यव्यवस्था घास-घास भरवली.

"राहत नाही गं कुणी. तिथे सगळे मिळून ठरवतात. एक जण म्हणणं मांडतो, बाकीचे भांडतात, मग हात वर. जिकडे हात जास्त, ते सगळ्यांनी ऐकायचं."

"सगळे भांडतात?"

"छे! काही जण तर तोंडच उघडत नाहीत. नुसता हात वर करतात."

इथेच माती खाल्ली!

माझी दुपार म्हणजे माझी एकुलती एक इस्टेट. लेक झोपते, मी दार लावते आणि ती उठेपर्यंत लिहिते. दुसऱ्या दिवशी वही घेऊन निघाले, तर जेवणाच्या टेबलावर माझं सगळ्यात मोठं पातेलं पालथं! म्हणजे घुमट! भोवती सासूबाई, सुट्टीवरचा नवरा, कापडी ससा आणि अस्वल. सासूबाई अध्यक्ष. हातात पळी!

लेक खुर्चीवर उभी राहिली. "ठराव! आईने दुपारी दार लावायचं नाही. आणि मी झोपायचं नाही!"

"अगं, पण मी..."

ठण्ण! पळी पातेल्यावर. "सूनबाई, परवानगी घेऊन बोला!"

हात वर झाले. लेकीचा. नवऱ्याचाही, मोबाइलमधून डोकं वर न काढता!

"अरे, कशासाठी हात वर केलास, ठाऊक तरी आहे का?"

"नाही. पण लवकर आटपेल ना!"

आणि तिसरा हात अस्वलाचा!

"अस्वलाला कसलं मत? ते बोलतं तरी का?"

"तूच म्हणालीस ना, काही जण बोलतच नाहीत!"

त्या मेल्याचा उसवलेला हात मीच घाईघाईत शिवला होता. तो कायमचा वर! माझ्याच सुईने माझा घात केला. ससा तेवढा तटस्थ. ठराव मंजूर!

पण मीही काही कच्ची नाही. हा अस्वलगडी कशालाही हात वर करतो, हे माझ्या लक्षात आलं. "माझा ठराव! आईला दुपारी दार लावून लिहू द्यावं." माझा हात वर, अस्वलाचा वर आणि न बघता नवऱ्याचाही वर! मंजूर! जिंकले!

लेकीचा खालचा ओठ थरथरला. "पण दार लावलं की तू दिसत नाहीस."

झालं! बहुमत असून सरकार कोसळलं. मी तिला उचलून घेतलं. "बरं बाई, दार उघडं."

ठण्ण! "सभा तहकूब," सासूबाई म्हणाल्या. "चहा कोण करतंय?"

सगळ्यांचे हात पटकन खाली. वर फक्त अस्वलाचा हात.

म्हणून हे सगळं मी ओट्याशी उभी राहून लिहितेय. लेक पायाला बिलगलेली, अस्वल डब्यांना टेकून बसलेलं. आणि लिहिण्याच्या नादात आत्ताच दूध उतू गेलं! ते कुणी पुसायचं, यावर मी ठराव मांडणार नाही. हात कुणाचा वर असेल, मला ठाऊक आहे!