आईचं शेवटचं वजन

जड आईबापांच्या मुलांना पुढे आजार जडू शकतात, असं आमच्या पाणीपुरवठा कार्यालयाच्या वाचनात आलं. वाचलेलं अमलात आणायची तिथे पद्धत नव्हती, पण हे आणलं. कर्मचारी आजारी पडला की रजा घेतो, तेव्हा रजेचं मूळ त्याच्या आईबापांच्या वजनात आहे, असं परिपत्रक निघालं. यापुढे नोकरीत कायम व्हायचं, तर जन्मदात्यांना काट्यावर उभं करून पात्रतेचा दाखला घ्यायचा.

जिन्याखालच्या खोलीत काटा बसला. बाहेर म्हाताऱ्यांची रांग लागली. भांडारपालाच्या वडिलांनी आधी चपला, मग पट्टा आणि शेवटी कवळी काढून लेकाच्या हातात दिली. टंकलेखिकेने आईला चार दिवस उपाशी ठेवलं. ती चक्कर येऊन पडली, पण काट्यावरच पडली, त्यामुळे नोंद झाली.

मी नकाशे काढते. सहा वर्षं हंगामी होते. माझी पाळी आली तेव्हा वजनाच्या कारकुनांनी मान वर न करता विचारलं, "वडील?"

"मी लहान असतानाच गेले."

"मुदतबाह्य. आई?"

"दोन महिन्यांपूर्वी वारली."

"म्हणजे गैरहजर. वजन तरी सांगा."

"ब्याऐंशी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "ताई, ब्याऐंशीला दाखला बसत नाही. कधीचं हे?"

"मला आठवतंय तेव्हापासूनचं."

"तसा रकाना नाही. शेवटचं विचारलंय."

पर्समध्ये इस्पितळाचा कागद होता. आईच्या नावापुढे ब्याऐंशीच लिहिलं जावं, असं मला फार वाटत होतं. त्याच मांडीवर मी वाढले होते. पण नोकरीही हवी होती. मी कागद पुढे केला.

"अडतीस," त्यांनी दोनदा वाचलं. चेहरा उजळला. "किती दिवसांत?"

"पाच महिन्यांत."

"चिकाटी लागते हो. अशा आया आता राहिल्या नाहीत."

"हीसुद्धा राहिली नाही."

"काय घ्यायच्या त्या?"

"शेवटी चमच्याने पाणी."

त्यांनी तेही टिपून घेतलं. दाखल्यावर शेरा मारला: 'पात्र. मातेचा आदर्श अनुकरणीय.' मग मला आपादमस्तक न्याहाळून हळहळले, "तुम्ही मात्र आईंच्या वळणावर गेला नाहीत."

मी कायम झाले. जेवणाच्या सुट्टीत टंकलेखिका खुर्ची ओढून जवळ बसली. "तुझ्या आईंनी नक्की काय केलं, सांग ना गं. माझ्या आईलाही जमेल."

आई धडधाकट होती, तेव्हा येईल तो तिला वजन विचारायचा. इस्पितळात मावशी म्हणाली, "बारीक झालीस, छान दिसतेस." आईने आरसा मागितला होता.

तुम्हीही हे वाचताना आपापल्या आईचं वजन मनात धरून पाहिलं असेल. ती कशी आहे, ते विचारायचं राहिलंच.