घोगरेसरांचा शनिवार

घोगरेसर कुणालाही 'कसं काय, बरंय का' असं विचारत नाहीत. माणूस भेटला की ते आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतात आणि विचारतात, "मागच्या वेळेला कधी आलता?" उत्तर मिळालं की खिशातली छोटी वही निघते. पाच-सहा नोंदी झाल्या की त्या माणसाचा 'फेरा' ठरतो. फेरा म्हणजे तो किती दिवसांनी पुन्हा उगवतो, त्याचं गणित.

आमच्या कॉलेजातल्या प्रत्येकाचा फेरा त्या वहीत आहे. शिपाई माणिकरावांचं पोट दर अकराव्या दिवशी दुखतं. प्राचार्यांचा पारा नवव्या दिवशी चढतो. हा दुसरा शोध इतका पक्का निघाला की रजेचा अर्ज देण्याआधी आम्ही सगळे सरांना विचारून घेतो. "आज नगा जाऊ, परवा जावा," एवढंच ते सांगतात. एकदा मी त्यांचं न ऐकता केबिनमध्ये गेलो आणि अर्जासकट बाहेर आलो.

सर नांदेडला आमच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतात, मी इंग्रजी. त्यांचं घर विष्णुपुरीच्या रस्त्याला आहे आणि गच्चीवर त्यांची दुर्बीण असायची. दिवसा तिच्यावर स्कूटरचं जुनं कव्हर असायचं, त्यामुळे सरांनी स्कूटर वर कशी चढवली याचं गल्लीतल्या लोकांना फार नवल वाटायचं. सात वर्षं या दुर्बिणीतून ते एकच तारा बघत आले. त्याला नाव नाही, नुसता आकडा आहे. आभाळात एवढे तारे असताना तोच का, असं मी एकदा विचारलं.

"त्याला कुणीतरी ओढून राहिलंय," ते म्हणाले. "कोण ते दिसत न्हाई."

हे त्यांनी वर्गात समजावून सांगितलं तो दिवस कॉलेज विसरलेलं नाही. त्यांनी माणिकरावांना आणि प्रयोगशाळेतल्या काटकुळ्या सहायकाला फळ्यापुढे उभं करून फुगडी घालायला लावली. दोघं गरगर फिरू लागल्यावर सर मुलांना म्हणाले, बघा, दोघंही मधल्या एका जागेभोवती फिरतायत, जो जड तो त्या जागेच्या जवळ. आता समजा माणिकराव दिसेनासे झाले. हा गडी एकटाच मागं रेलून फिरताना दिसेल आणि तरी पडणार नाही. म्हणजे त्याचे हात कुणीतरी धरलेत. आभाळात असे जोडतारे असतात, आणि त्यातला न दिसणारा कधीकधी कृष्णविवर असतो. एवढ्यात माणिकरावांचा हात सुटला आणि सहायक थेट तिसऱ्या बाकावर गेला. मुलांना विषय कायमचा समजला.

सर असे बोलके असले तरी घरच्या गोष्टीवर त्यांचं तोंड उघडत नाही. वहिनी लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली, मूलबाळ नाही, आणि बदलीचा अर्ज दरसाल जातो तसा दरसाल पडून राहतो. दोघांनी मधोमध अहमदपूरला एक खोली भाड्यानं घेतली आहे. शनिवारी सकाळची शाळा करून वहिनी तिकडून येतात, सर दुपारच्या एसटीनं इकडून जातात, आणि रविवारी संध्याकाळी दोघं दोन दिशांना जातात. आम्ही चेष्टा केली की सर मान खाली घालून म्हणायचे, "अहमदपूरचं आभाळ लई चांगलं हाय." दुर्बीण मात्र नांदेडातच राहायची. आभाळ एवढं चांगलं असताना ती का नेत नाही, हे आम्ही कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षी सर स्टाफरूममध्ये आले ते न बसताच म्हणाले, "निघाला." ताऱ्याचा उजेड किंचित कमी-जास्त होत होता, आणि तो बरोब्बर सात दिवसांच्या फेऱ्यानं. म्हणजे न दिसणारा जोडीदार होता, आणि गणितानं तो कृष्णविवराइतका जड येत होता. सर पुढच्या मे महिन्यात निवृत्त होणार होते. एवढ्या नोकरीत त्यांचा एकही शोधनिबंध परदेशात छापून आलेला नव्हता, आणि आता नांदेडच्या एका गच्चीवरून कृष्णविवर सापडलं होतं. मला राहवलं नाही, मी त्यांना मिठी मारली.

निबंधाचं इंग्रजी मी तपासलं. स्वल्पविराम एकही चुकू दिला नाही. प्राचार्यांनी तर फ्लेक्सचा मजकूरही करून ठेवला. त्यात कृष्णविवर बारीक होतं आणि प्राचार्यांचा फोटो मोठा होता.

तीन महिन्यांनी परीक्षकाचं उत्तर आलं. त्यानं स्तुती बरीच केली होती, आणि शेवटी साधा प्रश्न विचारला होता: लेखकाच्या नोंदींमध्ये शनिवारची एकही रात्र का नाही? दर सातवा दिवस गाळला तर त्या गाळण्यातूनच सात दिवसांचा खोटा फेरा तयार होऊ शकतो. काही शनिवार निरीक्षण करून पुन्हा पाठवावे.

सरांनी तो कागद तीनदा वाचला. हीच चूक करू नका म्हणून ते एम. एस्सी.च्या मुलांना दरवर्षी बजावत आले होते. पावसाळ्याचे महिने, ढगाळ रात्री, वीज गेलेल्या रात्री, सगळं त्यांनी गणितात धरलं होतं. शनिवार तेवढा राहिला होता. तो गैरहजेरीचा दिवस आहे, हे सात वर्षांत त्यांच्या मनालाच शिवलं नव्हतं. मी एकेक स्वल्पविराम बघत होतो, माझ्याही ध्यानात आलं नाही.

मी म्हणालो, त्यात काय, पाच-सहा शनिवार अहमदपूरला जाऊ नका. प्राचार्यांनी तर तसा हुकूमच काढला. सर कधी कुणाला उलटून बोलत नाहीत, पण त्या दिवशी बोलले.

"शोध ऱ्हाऊ द्या सर. शनिवार न्हाई जमायचा."

निवृत्ती जवळ आलेला माणूस जन्माची कमाई सोडून देतो म्हणजे काय, म्हणून मी चिडलो. दोन दिवस त्यांच्याशी बोललोसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी तेच माझ्याकडे आले. म्हणाले, हिला फोनवर सांगितलं, ती म्हणती दुर्बीणच घेऊन या. तुम्ही तिचं तीन पायांचं तिकाटणं धरायला येता का?

ती एसटी मी जन्मात विसरणार नाही. सरांनी दुर्बिणीची नळी चादरीत गुंडाळली होती. कंडक्टरनं तिचं तिकीट मागितलं, सरांनी वाद न घालता फुल तिकीट काढलं, आणि तिकीट काढलंय म्हटल्यावर तिला खिडकीजवळ बसवून स्वतः अहमदपूरपर्यंत उभे राहिले. शेजारच्या म्हाताऱ्यानं पेशंट कोण आहे म्हणून हळूच विचारलं. तिकाटणं मांडीवर घेऊन मी दुसरीकडे बघत राहिलो.

खोली मार्केट यार्डाच्या मागं, वरच्या मजल्यावर. वहिनी आमच्या आधी पोचल्या होत्या. घरमालकिणीनं गच्चीत वाळत घातलेल्या मिरच्या त्यांनी एका कोपऱ्यात सारल्या होत्या आणि झाडून जागा लख्ख केली होती. सर वर दुर्बीण जोडायला गेले. चहा देताना वहिनी माझ्याशी बोलल्या.

"आठवडाभर त्यांचं ताऱ्याकडं चालू असतंय. म्या म्हणलं, शनिवारी माझ्याकडं बगा. बाकी काय मागितलं न्हाई म्या त्यास्नी. त्यांनी सात वर्षांत एक शनिवार चुकविला न्हाई, आन म्या कधी इचारलंबी न्हाई की त्यात त्यांचं काय नुकसान व्हतंय."

त्यांचे डोळे भरून आले होते. या माणसाशी आपण दोन दिवस अबोला धरला होता, याची फार लाज वाटली. सहाच्या गाडीनं मी परत आलो.

दुर्बीण अहमदपूरलाच राहिली. सर आठवडाभर नांदेडात मोकळ्या गच्चीवर फेऱ्या मारायचे आणि शनिवारी तिकडे जाऊन नोंदी घ्यायचे. असे सहा शनिवार झाले. सातव्या आठवड्यातल्या सोमवारी ते स्टाफरूममध्ये आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले की शनिवार घातल्यावर सात दिवसांचा फेरा गेला. तारा एकटाच आहे, त्याला ओढणारं कुणी नाही. निबंध त्यांनी सकाळीच मागं घेतला होता.

प्राचार्यांनी फ्लेक्सवाल्याला फोन केला. मी सरांसाठी चहा मागवला. दुर्बीण परत कधी आणायची, मी यायला तयार आहे, असं मी म्हणालो.

"आणायची न्हाई," सर म्हणाले. "हिनं त्यातून पहिल्यांदा बघितलं. बावीस वर्षांत मी कधी दाखवलंच नव्हतं. आता म्हणती, रोज बघंन. निवृत्तीनंतर मी तिकडंच चाललोय, तिच्या गावाला. बदलीची वाट बघायचं काम संपलं."

मला बरं वाटलं, पण आतली कळ जाईना. मी बोलून गेलो, "सर, तुमची सात वर्षं वाया गेली हो."

ते रागावले नाहीत. तास ठोकल्याचा आवाज आला तसे खडू घेऊन उठले, आणि दाराशी थांबून अगदी हळू म्हणाले, "वाया कशी? सात दिवसाला ओढणारं होतंच की कुणीतरी. ताऱ्याला नव्हतं, एवढंच."